घरात श्श, शाळेत पिपाणी

“मॅडम, मग माझा मेंदू लहान आहे का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि मगच पिपाणीच्या लक्षात आलं की आपण खरोखर उभ्या आहोत, आणि अख्ख्या सभागृहात आपल्याशिवाय कुणीच उभं नाही. लंबू शेजारून तिचा स्कर्ट खेचत होती, “बस ना आता, विचारलास ना!” चष्मिशने तर हसू दाबायला रुमालच तोंडात कोंबला होता. आणि गंमत बघा, तिला भरीला घातलं होतं याच दोघींनी.

“वक्तृत्वाच्या संघात निवड झालीय ना तुझी? एवढी मोठी वक्ता ना तू? मग विचारून दाखव!” लंबू कुजबुजली होती. “नाहीतर उद्यापासून पिपाणी नाही, फुंकणी म्हणू तुला.”

आता फुंकणी म्हणवून घेण्यापेक्षा मेंदू लहान निघालेला परवडला, असं वाटून ती ताडकन उभी राहिली होती.

झालं होतं असं, की शाळेत एक डॉक्टरबाई पाहुण्या आल्या होत्या. लहान मुलांच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या. टेबलावर त्यांनी प्लॅस्टिकचा मेंदू ठेवला होता, फुलकोबीसारखा, आणि तो फाका काढाव्यात तसा उघडून दाखवत त्या म्हणाल्या होत्या, “ज्या घरात पैशांची सतत ओढाताण असते, तिथल्या मुलांच्या मेंदूचे काही भाग, सरासरी काढली तर, जरा हळू वाढलेले दिसतात. भाषेचे, लक्षात ठेवण्याचे, मन शांत करण्याचे.” यावर सभागृहात जी शांतता पसरली ती काही शिस्तीची नव्हती. ही शाळा म्हणजे ओढाताणीचं माहेरघर. प्रत्येक जण आपापल्या बुटांकडे बघायला लागला.

डॉक्टरबाईंनी पिपाणीकडे नीट पाहिलं. हसल्या नाहीत. “नाव काय तुझं?”

“पिपाणी!” मागून सगळा वर्गच ओरडला.

“हं. पिपाणी, तुमच्या वर्गाची सरासरी उंची मी काढली, तर त्यावरून तुझी उंची सांगता येईल का?”

पिपाणीने शेजारी पाहिलं. लंबू बसल्या बसल्याही तिच्या खांद्याला लागत होती. “नाही. ही एकटीच सरासरीची वाट लावेल.”

सभागृहात हशा पिकला. डॉक्टरबाईही हसल्या. “तसंच मेंदूचं. सरासरी म्हणजे तू नव्हेस. आणि गरिबी काही हवेतून डोक्यात शिरत नाही. ती शिरते साध्यासाध्या गोष्टींतून. पुरेशी झोप नाही, पोटभर सकस खाणं नाही, घरात कायमची काळजी, आईबाबा इतके दमलेले की बाळाशी बोलायला त्राण नाही. यात कुणाच्या आईबाबांचा दोष नसतो, बरं का. पण या गोष्टी बदलल्या की मेंदूही बदलतो. लहान बाळाचा तर भराभर.”

पैज जिंकली होती. खरं म्हणजे आता खाली बसायचं. पण ‘बाळाशी बोलायला’ हे शब्द पिपाणीच्या कानात अडकून बसले, आणि तिच्या तोंडून दुसरा प्रश्न आला. हा कुणी शिकवलेला नव्हता.

“आणि मॅडम, घरात कुणी बोलतच नसेल तर?”

“कुणीच?”

“दिवसा नाही. बाबा झोपलेले असतात.”

“बाळ केवढं आहे?”

“तिसरं संपत आलंय.”

“किती शब्द बोलतं?”

पिपाणी आठवायला लागली. बोटांवर मोजायला घेतलं, ते पहिल्याच बोटावर संपलं. “एकच,” ती म्हणाली. “श्श.”

यावर मात्र कुणी हसलं नाही.

*

पिपाणीचं घर म्हणजे एक खोली. खोलीच्या मधोमध पडदा. पडद्याच्या एका बाजूला बाबांची खाट, दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं जग: चूल म्हणजे गॅसची शेगडी, मोरी, दप्तर, आणि मोज्यांचं पोतं. बाबा बेकरीत रात्रपाळीला, भट्टीवर. रात्रभर पावांचे ट्रे आत सारायचे आणि बाहेर ओढायचे, सकाळी घरी येऊन आडवं व्हायचं ते थेट संध्याकाळी उठायचं. आई मोज्यांच्या कारखान्यातून पोतं आणायची. मोजे उलटे करायचे, बोटांकडचे लोंबते दोरे कापायचे, जोड्या लावायच्या, पट्टी चिकटवायची. संध्याकाळी ती पोतं परत द्यायला निघायची, बाबा डबा घेऊन भट्टीवर निघायचे, आणि सगळ्यांनी तोंड उघडायची वेळ येईपर्यंत चेंडू गाढ झोपलेला असायचा.

चेंडू म्हणजे पिपाणीचा भाऊ. गोल, गोरापान नव्हे पण गोल, आणि कुठूनही घरंगळत येणारा. पिपाणी त्याच्याएवढी होती तेव्हा बाबा दिवसपाळीला होते. तेव्हा घर हेच, पोतं हेच, पण दिवसभर आईची अखंड बडबड आणि पिपाणीची त्यावर वरताण. चेंडू आला आणि बाबांची पाळी बदलली. झोप अपुरी झाली की भट्टीसमोर डुलकी लागते. मागेच एकदा लागली, ट्रे घसरला आणि बाबांचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून या घरात दिवसाउजेडी चमचाही खाली ठेवायचा तो फडक्यावर.

मग घरातल्या घरात खुणा सुरू झाल्या. नाकाला बोट म्हणजे पाणी. कान ओढला म्हणजे मोरीत जायचंय. गालावर तळहात म्हणजे बाबा झोपलेत, खबरदार. या खुणा कुणी काढल्या? अर्थात पिपाणीनेच. नाटक बसवावं तशा तिने त्या चेंडूकडून बसवून घेतल्या होत्या. तो इतका पटापट शिकला की शेजारच्या काकू तोंडात बोट घालायच्या. “काय गुणी पोर गं बाई तुझं! आहे की नाही, पत्ता लागत नाही.” आणि आई फुशारून जायची.

त्या दिवशी पिपाणी घरात शिरली तेव्हा चेंडू पोत्याशेजारी फतकल मारून बसला होता. एका हातात काळा मोजा, दुसऱ्यात गडद निळा. आईने त्यांची जोडी लावली होती. यानं ती सोडवली, मान हलवली, आणि पोत्यातून बरोब्बर दुसरा काळा शोधून काढला. पिपाणी त्याच्यासमोर जाऊन बसली.

“चेंडू,” ती हळूच म्हणाली, “हा काय? मोजा. म्हण, मोजा.”

चेंडूने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरात घोडा आणलाय. मग पुढे सरकून त्याने तिच्या ओठांवर आपलं गुबगुबीत बोट ठेवलं. “श्श!”

“श्श नाही, मोजा.”

“श्श!” डोळे वटारून. वर गालावर तळहात.

आईने कात्री खाली ठेवली, फडक्यावर. भुवया उंचावून विचारलं, काय चाललंय? मग जे भांडण झालं ते सगळं कुजबुजीत. तुम्ही कधी कुजबुजत भांडला आहात का? फार अवघड. संताप येतो, पण तो बाहेर सोडायला जागाच नसते, मग माणूस हातवारे करतो आणि नाक लाल होतं.

पिपाणीने डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. बोलणं, मेंदू, भाषा. आईचा चेहरा पडत गेला.

“म्हणजे आम्ही खुंटवलं त्याला? असंच ना?”

“आई, तसं नाही म्हणाल्या त्या. दोष नाही म्हणाल्या.”

“मग कुणाचा? या पोत्याचा?” आईने पोत्याला कोपराने ढोसलं. “मी हात थांबवून त्याच्याशी गप्पा मारत बसले तर संध्याकाळी काय रिकामं पोतं नेऊन देऊ? आणि मोठ्याने बोलले की ते उठणार. उठले की रात्री भट्टीसमोर डुलणार. त्यांचा हात पाहिलास ना?”

पिपाणीने मान हलवली. पाहिला होता.

“पुढल्या जूनमध्ये बालवाडीत घालायचंय त्याला,” आई पुन्हा कात्री उचलत पुटपुटली. “परवा तिथल्या बाई विचारत होत्या, मुका आहे का म्हणून.” एवढं बोलून तिने तोंड फिरवलं आणि एकाच मोज्याचा दोरा पुन्हा पुन्हा कापत राहिली. कापण्यासारखा दोरा त्याला उरलाच नव्हता.

*

पिपाणीने कंबर कसली. शाळा सुटल्यावर वक्तृत्वाचा सराव असायचा, तिथे तिने सरांना पोटदुखीचं निमित्त सांगितलं आणि चेंडूला कडेवर मारून मैदान गाठलं. सोबत लंबू आणि चष्मिश, कारण मैत्रिणी कशासाठी असतात?

आणि मग तिने जे बोलायला सुरुवात केली, काय सांगावं! “हे बघ झाड. झाडाला पानं. पानं हिरवी. हा कुत्रा. कुत्रा कान खाजवतोय. ती बघ बाई, छत्री घेऊन चाललीय, ऊन आहे ना, म्हणून. ही लंबू. लंबूची वेणी. ही चष्मिश, हिला चष्म्याशिवाय तूही दिसणार नाहीस.” श्वास घ्यायलासुद्धा थांबायची नाही.

चेंडू कडेवर बसून सगळं नीट ऐकायचा. अधूनमधून बोट वर करायचा. “श्श!” मैदानात क्रिकेट खेळणारी मुलं ओरडली की त्यांनाही, “श्श!” एकदा तर तो भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर जाऊन उभा राहिला आणि गालावर तळहात ठेवून त्याला दटावलं. कुत्रा गप्प झाला, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. चेंडूची खात्रीच पटली की आपलं बरोबर आहे.

“हेडमास्तर होणार हा,” चष्मिश म्हणाली.

असे काही दिवस गेले. पिपाणीचा घसा बसला, पोटदुखीच्या निमित्तावरून सर तिला ओव्याच्या गोळ्या द्यायला लागले, आणि चेंडू होता तिथेच.

शनिवारी आई त्याला घेऊन डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेली. जायला तयार नव्हती; पिपाणी हात धरून घेऊन गेली म्हणून गेली. डॉक्टरबाईंनी चेंडूच्या पाठीमागे जाऊन एक छोटी घंटा वाजवली. चेंडू झटकन वळला, घंटा पाहिली, आणि डॉक्टरबाईंच्या तोंडासमोर बोट नेऊन म्हणाला, “श्श!”

“कान ठणठणीत,” डॉक्टरबाई हसू आवरत म्हणाल्या. “मशीनवरही तपासू, पण मला काळजी वाटत नाही. सांगितलेलं कळतं?”

“सगळं कळतं,” आई म्हणाली. मग जरा भीतभीतच, “मोज्यांच्या जोड्या लावतो. काळा कुठला नि निळा कुठला, मला फसायला होतं, त्याला नाही.”

“बघा! मग डोकं तर पळतंय. आणि खुणा?”

खुणा ऐकून डॉक्टरबाई पुढे सरकल्या. आईला वाटलं आता बोलणी बसणार. तिने पदर घट्ट धरला. पण त्या म्हणाल्या, “ताई, हे तर उत्तम आहे. तो संवाद करतोय. फक्त आवाजाचं दार त्याला बंद सापडलंय. घरात हळू बोला, कानाशी बोला, पण बोला. मोजे उलटे करता करता बोला. त्यासाठी हात थांबवावे लागत नाहीत.” मग त्या पिपाणीकडे वळल्या. “आणि तू? तू काय करतेस?”

“मी तर नुसती बोलतच असते!” घसा बसल्यामुळे ते एखाद्या बदकाने म्हटल्यासारखं आलं.

“तेच. तू बोलतेस. त्याची पाळी कधी येते?”

पिपाणीने चेंडूकडे पाहिलं.

“एक प्रश्न विचार, आणि थांब. त्याने नुसतं बघितलं, बोट दाखवलं, तरी ती त्याची पाळी. मग तू उत्तर दे. पुन्हा थांब. तुला वाटेल युग लोटलं. तरी थांब.”

आता पिपाणीला कुणी डोंगर चढ म्हटलं असतं तर ती नाचत चढली असती. पण गप्प बसून थांब? हे म्हणजे अतीच झालं.

बसथांब्यावर ती आणि आई बाकावर बसल्या, मध्ये चेंडू. समोर एक बस येऊन थांबली. लोक उतरले, चढले. चेंडू चाकांकडे एकटक बघत होता.

“बस आली,” पिपाणी म्हणाली. पुढची दहा वाक्यं जिभेच्या टोकावर येऊन रांगेत उभी राहिली होती. तिने ती गिळली. दारं मिटली, बस हलली, धूर सोडत वळणावर दिसेनाशी झाली.

“बस कुठे गेली रे?”

आणि ती थांबली. आई उत्तर द्यायला निघाली तर हिने मागून आईचा हात दाबला. चेंडूने वळणाकडे पाहिलं. मग पिपाणीकडे. पिपाणीने बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. एक सायकल गेली. पेपरवाला खाकरला. चेंडूने बोट वर केलं. आता श्श म्हणणार, असं वाटलं. पण बोट ओठांवर गेलंच नाही, ते वळणाकडे गेलं.

“गेई,” तो म्हणाला. आणि मग, आवाज आपलाच आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखं, जरा मोठ्याने, “गेली!”

“गेली!” पिपाणी किंचाळली.

“गेली!” आई ओरडली. आईचा मोठा आवाज पिपाणीने किती दिवसांनी ऐकला! केवढा छान, खणखणीत आवाज होता. पिपाणी कुणावर गेली ते आता कळलं. दोघी हसत होत्या, आई डोळे पुसत होती, चेंडू बाकावर उभा राहून गेली-गेली करत नाचत होता.

“बाई,” पेपरवाला म्हणाला, “ती तुमचीच बस होती ना? मघापासून तिचीच वाट बघत होता तुम्ही.”

*

चालत घरी आले तोवर चेंडूने जगातली यच्चयावत जाणारी गोष्ट हेरली होती. रिक्षा, गेली. मांजर, गेली. दार उघडून आत शिरला, पोत्यावरून एक मोजा घसरला. आईने घाईघाईने गालावर तळहात ठेवला, पण उशीर झाला होता.

“गेलीऽऽ!”

पडद्यामागे खाट करकरली. “काय गेली? लाईट गेली?” बाबा धडपडत बाहेर आले, केस उभे, एका पायात चप्पल. “कोण ओरडलं? कुणाचं पोर आहे हे?”

“तुमचंच!” आई म्हणाली आणि हसता हसता खालीच बसली.

चेंडूने बाबांकडे पाहिलं. जागे बाबा, भरदिवसा! त्यांच्या अनवाणी पायाकडे बोट दाखवून त्याने विचारपूर्वक सांगितलं, “गेली.”

बाबांनी दुसरी चप्पल शोधली नाही. त्याला उचललं, भाजल्याचे डाग असलेल्या हातावर बसवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, भट्टीत पाव फुगताना बघतात तसे. “अजून एकदा म्हण रे राजा.” त्याने म्हटलं. पुन्हा म्हटलं. शेजारच्या काकू दारात डोकावून गेल्या, म्हणे काय झालं?

मग हळूहळू हसणं ओसरलं आणि तिघांच्या मनात एकच गोष्ट आली. आता हा गप्प बसणार नाही. आणि बसायलाही नको. मग बाबांनी झोपायचं कसं?

“मी बेकरीतच झोपेन दुपारचा,” बाबा म्हणाले. “मैद्याच्या पोत्यांच्या खोलीत.”

“तिथे? त्या भुकटीत खोकून खोकून जीव जाईल,” आई म्हणाली. “त्यापेक्षा मी मोजे सोडते. याला घेऊन दुपारभर बाहेर बसते.”

“मोजे सोडून खायचं काय? मोजे?”

“मग काय करू सांगा!” दोघं चक्क मोठ्याने वाद घालत होते. सवय नसल्यामुळे त्यांचे आवाज मध्येच वर जात, मध्येच घाबरून खाली येत. शेवटी आईने पिपाणीकडे पाहिलं. बोलायचं नव्हतं तरी बोलली. “हिची ती भाषणं संपली की... म्हणजे, शाळा सुटली की ही सरळ घरी येऊन याला बाहेर नेऊ शकेल. संघ-बिंघ पुढल्या वर्षी.”

बाबांनी मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत. हो म्हणायलाही त्यांच्याने होईना.

पिपाणीला एकदम रडावंसं वाटलं. संघात तिचं नाव पहिलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं ते तिने तीनदा जाऊन वाचलं होतं. पण तिने बाबांच्या हातावरचा चेंडू पाहिला, मग त्या दोघांचे चेहरे पाहिले, आणि लगेच बोलली नाही. थांबली. आश्चर्य म्हणजे, थांबल्यावर डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली.

मग ती उभी राहिली. स्पर्धेत उभी राहते तशी, हात पाठीमागे बांधून.

“माझं ठरलंय,” ती म्हणाली. “मध्ये बोलू नका, तुमची पाळी नंतर. बाबा, तुम्ही इथेच झोपायचं, याच खाटेवर. आई, तू मोजे सोडायचे नाहीत. शाळा सुटेपर्यंत त्याच्याशी कानात बोलायचं, डॉक्टरबाईंनी सांगितलंय तसं, म्हणजे तोही कानातच बोलेल. संध्याकाळी डबा भरून होईपर्यंत तो बाबांचा. आणि मी संघ सोडणार नाही.”

आईने तोंड उघडलं.

“थांब गं आई! शाळा सुटली की मी धावत येणार आणि चेंडूला सरावाला घेऊन जाणार. तिथे सगळे बोलतात, त्याच्याशीही बोलतील. लंबू आणि चष्मिश तिथे घड्याळ धरून माझ्या भाषणाची वेळ मोजतात, आता त्यालाही सांभाळतील. सरांना सोमवारी मीच सांगते की पोट दुखत नव्हतं, आणि खोटं का बोलले तेही. नाही म्हणाले तर आम्ही खिडकीबाहेर उभं राहून सराव करू, पण दोघं मिळूनच. सोमवारी त्याला बूट घालून तयार ठेव, मी न्यायला येते.”